धाकट्याची दीड कोटीची गाडी

लग्नाला जावा, बारशाला जावा, मयताला जावा, बेळगावात मला हमखास एक प्रश्न विचारतात. आधी इकडचं तिकडचं बोलतात, मग हळूच, "तुमच्या धाकट्यानं एवढी गाडी घेतली, ती तेवढ्या पैशाची हाय काय हो?" मी इतकी वर्षं हसून टाळत आलो. आता एकदाच सगळं लिहून टाकतो. धाकट्याला वाचून दाखवलंय, तो म्हणाला, "लिही की, फक्त कंपनीचं नाव घालू नको." म्हणून नाव घालत नाही. जर्मन बनावटीची आहे, साडेचारशे अश्वशक्तीच्या आसपास इंजिन आहे, उंच आहे आणि काळी आहे, एवढ्यावर भागवा.

आमचे वडील १९७४ साली दोन जुन्या लेथवर उद्यमबागेत उभे राहिले. बेळगावात फौंड्र्या भरपूर, त्यामुळे कास्टिंग शेजारून यायचं आणि मशीनिंग आम्ही करायचो. पंपाच्या बॉड्या, ब्रेक ड्रम, फ्लायव्हीलची घरं. मी शिकता शिकताच लेथवर लागलो, धाकटा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तो १९८९ ला आला. लोखंड मी बघायचो, गिऱ्हाईक तो बघायचा. माझं कानडी अजूनही धड नाही, त्याचं फक्कड. तीस वर्षं एका टेबलावर दोन डबे उघडून जेवलो.

२०२० च्या शेवटी वडिलांनी घेऊन ठेवलेली टिळकवाडीतली मोकळी जागा विकली. आईच्या नावानं काही ठेवून उरलेले दोघांत निम्मे निम्मे. मी माझ्या वाट्यातून आडव्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर घेतलं, आम्ही त्याला नुसतं एचएमसी म्हणतो. ते पडलं १ कोटी ३८ लाखांना. धाकट्यानं २०२१ च्या मार्चमध्ये ही गाडी दारात आणली. रस्त्यावर येईपर्यंत १ कोटी ४५ लाख.

आई दोन्ही बघून आली. कारखान्यात मशीनला कुंकू लावलं, घरी येऊन गाडीला लावलं, आणि म्हणाली, "दोन्ही लोखंडच की रे. एक खायला घालतंय, एक प्यायला मागतंय."

ती हसत बोलली. मी मात्र हसत बोललो नाही. मी त्याला सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तू गाडी चालवत नाहीस, बाबांची जागा चालवूलालास." त्यानं काही उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारचा डबा आपल्या केबिनमध्ये खायला लागला. पुढची जवळजवळ दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे माल आला का, बिल गेलं का, एवढंच.

आता किमतीचं सांगतो, कारण इथं बरेच जण फसतात. "दीड कोटीची गाडी" म्हटलं की दीड कोटीचं लोखंड आणि कातडं आलं असं वाटतं. तसं नाही. ही गाडी आपल्याकडं जोडलेली नाही, पूर्ण तयार होऊन जहाजातून आलेली. समजा बंदरात तिची किंमत १०० रुपये. त्यावर त्या वेळी सीमाशुल्क १०० टक्के, झाले २००. त्या दोनशेवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, म्हणजे निम्मे अजून, झाले ३००. त्यावर कर्नाटकाचा रोड टॅक्स १८ टक्के, त्यावर परत उपकर. साडेतीनशेच्या पुढं गेलं, आणि यात शोरूमवाल्याचा नफा आणि विमा अजून धरलेलाच नाही. म्हणजे बनवणाऱ्याच्या हातात चौथा हिस्सासुद्धा धड पडत नाही. बाकीचं आपण सरकारच्या देवळात नारळ फोडतोय. माझ्या मशीनवर जीएसटी भरला तो मला पुढच्या बिलांत वळता करून घेता आला, गाडीवरचा भरला तो गेला. त्यामुळं "बनावट किमतीच्या तोडीची आहे काय" हा प्रश्न विचारताना आधी ठरवा, कुठली किंमत? बंदरातली, का दारातली?

रोड टॅक्सवरनं एक आठवलं. ओळखीच्या चार जणांनी त्याला सांगितलं, गोव्याचा नंबर घे, नाहीतर कोल्हापूरचा, पैसे वाचतील. बेळगावात असे नंबर घेऊन फिरणारे कमी नाहीत. धाकटा म्हणाला, "गाडी बेळगावची, नंबर बेळगावचा." केए २२ च घेतला. पुढं २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला, हिरेबागेवाडीच्या टोल नाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले, तेव्हा मला वाटलं बरं केलं यानं. आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरकडं जायचं म्हटलं तर केए बघून पोटात गोळा. आपलं हे असंच आहे.

गाडी आली त्या रविवारी मी चोरून तिची मापं काढली. खोटं कशाला सांगू? बोलत नव्हतो, पण गाडी अंगणात उभी आणि फीलर गेज माझ्या खिशात. दारं, बॉनेट, मागची डिकी, सगळीकडची फट मोजली. डावी उजवी मिळून फरक एका पत्तीच्या आत. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कारखान्यात होतं ते आणलं. छतावर, दारावर, चाकाच्या वरच्या वळणावर, सगळीकडं १०० ते १२० मायक्रॉनमध्ये. वळणावरसुद्धा रंग पातळ झालेला नाही हे मला आवडलं. दार लावलं की "धप्प" आवाज येतो त्याला लोक भुलतात. तो आवाज मुद्दाम बसवलेला असतो, रबरानं आणि पत्र्याच्या आतल्या पट्ट्यांनी, त्यावरनं काही कळत नाही. खरं बघायचं असेल तर खाली वाकून बघायचं. मी गोणपाट टाकून गाडीखाली झोपलो. सस्पेन्शनचे हात ॲल्युमिनियमचे, फोर्जिंगचा दाणा कसा सफाईदार. बोल्टांवर घट्ट केल्याच्या रंगीत खुणा, म्हणजे कुणीतरी एकेक तपासलाय. वायरींना जागोजागी क्लिपा. आणि ब्रेकच्या डिस्का! ३६ मिलीमीटर जाड, ताटाएवढ्या नव्हे, परातीएवढ्या.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण हा माझा प्रांत. ब्रेकची डिस्क ही साध्या भरड बिडाची असते, ज्याला आपण ग्रे आयर्न म्हणतो. लोकांना वाटतं महाग गाडीत काहीतरी अद्भुत धातू असेल. ग्रे आयर्न ठोकलं की "थड्ड" वाजतं, एसजी आयर्न ठोकलं की देवळातल्या घंटेसारखं वाजतं. फौंड्रीतला पोरगासुद्धा आवाजावर माल ओळखतो. ब्रेकला थड्ड वाजणारंच लागतं, कारण त्याच्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळं उष्णता पटकन पसरते आणि कंप मरतो. म्हणजे साध्या गाडीत आणि या गाडीत धातूचं कुळ एकच. फरक आकारात, हवेच्या आतल्या मार्गांत आणि सरळपणात. मी डायल लावून फिरवून बघितलं, काटा हललाच नाही म्हणायचा. मी उठलो, कपडे झटकले, कुणाला काही बोललो नाही. पण मनात म्हटलं, ज्यांनी हे केलंय त्यांनी मन लावून केलंय.

वर धाकट्याची बायको गॅलरीत उभी राहून बघत होती. तीही काही बोलली नाही.

आता १९९८ कडं जावं लागतं. पुणे-बेंगळूर रस्ता तेव्हा चौपदरी झाला नव्हता. धाकट्याचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. आमच्याकडं पातळ पत्र्याची एक व्हॅन होती, माल पण त्यातच आणि माणसं पण त्यातच. त्या व्हॅनला पुढं नाक नाही. बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढं पत्रा, पत्र्यापुढं रस्ता. निपाणीकडनं येताना तवंदी घाटात रात्री उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकली. ट्रॉलीला मागं दिवा नाही, साधी लाल काचसुद्धा नाही. धाकटा चालवत होता, त्याला खरचटलं. शेजारी बसलेल्या भावजयीचा उजवा गुडघा गेला. तीन ऑपरेशनं झाली. ती अजून लंगडते, जिना चढताना आधी डावा पाय टाकते. घरात हा विषय कुणी काढत नाही. मी तर विसरलोच होतो म्हणा, नाहीतर मी ते "बाबांची जागा चालवूलालास" बोललो नसतो.

२०२३ च्या जानेवारीत कोल्हापूरला लग्न होतं. आईनं हट्ट धरला, दोन गाड्या कशाला, सगळे एकातच जाऊ. म्हणून मी पहिल्यांदा त्या गाडीत बसलो. जाताना खिडकीबाहेर बघत बसलो. येताना रात्रीचे साडेदहा, गळिताचा हंगाम, रस्त्यावर उसाचे तुकडे पडलेले. तवंदी घाट उतरून थोडं पुढं आलो. धाकटा शंभरच्या आसपास असेल. समोर काही नाही. आणि मग एकदम समोर ऊस. नुसता ऊस, दिव्याच्या झोतात भिंतीसारखा. जोडट्रॉलीचा मागचा भाग, अंधारात, जवळजवळ थांबलेला.

मी काय झालं ते कामाच्या भाषेत सांगतो. धाकट्याचा पाय पडायच्या आधी गाडीनं स्वतःच ब्रेक धरायला सुरुवात केली, पट्टे खेचले गेले, मग त्याचा पाय पडला. सव्वादोन टनाचं धूड, पाच माणसं आणि आहेराच्या साड्या. गाडी डावीकडं उजवीकडं एक इंच सरकली नाही, नाक थोडं खाली दाबून सरळ रेषेत थांबली. उसाचे शेंडे बॉनेटवर टेकले होते. काचेवर एक पान. गाडीत तापलेल्या बिडाचा वास आला, तो वास मी पन्नास वर्षं घेतलाय.

आई म्हणाली, "आलं काय घर?" ती झोपली होती.

मागं वळून बघितलं तर भावजय दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून बसली होती. धाकट्यानं आरशातून तिच्याकडं बघितलं. बराच वेळ गाडी तिथंच उभी. मग तो खाली उतरला, ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालेल असं वाटलं, पण त्यानं डिकीतला लाल त्रिकोण काढला आणि ट्रॉलीच्या मागं उसात खोचून दिला. परत येऊन बसला. मी एवढंच म्हणालो, "डिस्का चांगल्या आहेत." तो म्हणाला, "बघितलायस की तू खाली झोपून." म्हणजे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा घेऊन माझ्या टेबलावर आला.

त्या रात्रीसाठी विचाराल तर गाडी दीड कोटीची आहे, दोन कोटीची पण आहे. पण हे लिहिताना मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. आपोआप ब्रेक धरायची सोय आता दहा-पंधरा लाखांच्या गाड्यांतसुद्धा यायला लागलीय. बाकीचं जे होतं, ते सरळ थांबणं, एवढं वजन इतक्या कमी जागेत, ते मात्र त्या डिस्का, ती चाकं आणि ते खालचे हात यांचं काम. तेवढ्याला किती पैसे द्यायचे हे ज्याचं त्यानं ठरवावं, भावजयीचा गुडघा बघून ठरवावं नाहीतर न बघता.

आता दुसरी बाजू.

२०२४ च्या फेब्रुवारीत धाकट्याच्या लक्षात आलं की सकाळी गाडी मागनं उजवीकडं बसलेली दिसते. चालू केली की उठते. या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या आहेत, कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो. वॉरंटी तीन वर्षांची, मार्चपर्यंत. तो सर्व्हिसला गाडी घेऊन गेला तेव्हा सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिलं, दोन दिवस ठेवलं, परत देताना म्हणाले, "नॉर्मल आहे सर, थंडीत होतं." बेळगावची थंडी! जर्मनीत मग गाड्या जमिनीवर लोळत असतील.

हे वर्कशॉप कुठलं ते सांगत नाही. पण बेळगावकरांची अडचण सांगतो. हुबळी, पणजी, कोल्हापूर, तिन्ही आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. बेळगाव सगळ्यांच्या मधे आणि कुणाच्याच जवळ नाही. साधं तेल बदलायचं तरी एक दिवस मोडतो.

जुलैमध्ये आईला डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी गोव्याला न्यायचं होतं. वय ८६, साखर आहे. चोर्ल्याच्या रस्त्यानं निघाले, धाकटा, भावजय आणि आई. पाऊस कसा असतो तिकडं ते तुम्हाला माहीत आहे. जांबोटी सोडून कणकुंबीच्या अलीकडं गाडीनं लाल दिवा दाखवला आणि मागनं बसली. चाकावर टायर घासायला लागला. मोबाइलला रेंज नाही. धाकटा भिजत दीड किलोमीटर चालत गेला तेव्हा फोन लागला. मदतीच्या नंबरवरची मुलगी फार गोड बोलली, इंग्रजीत. "आपलं नेमकं ठिकाण सांगा." तो म्हणाला, "कणकुंबी." ती म्हणाली, "कृपया स्पेलिंग सांगा." गाडी उचलून न्यायचा ट्रक यायला साडेचार तास लागतील म्हणाले, लागले सहा.

आई अडीच तास गाडीत बसली. कातड्याची सीट, मसाज होणारी, छताला काच. डब्यातली पोळी खाल्ली म्हणून साखर सांभाळली गेली. शेवटी एक भाजीचा टेम्पो खाली बेळगावला येत होता, त्यानं आईला आणि भावजयीला पुढं घेतलं. टेम्पोवाल्यानं पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर आई म्हणाली, "बरा होता की टेम्पो. आणि तो पोरगा बोलतो तरी." डोळ्याचं इंजेक्शन चुकलं, पुढची तारीख बारा दिवसांनी मिळाली. त्या बारा दिवसांत डोळ्याला काय झालं, काय नाही झालं, डॉक्टर स्पष्ट बोलले नाहीत. पण आता ती पेपरातलं मोठं अक्षरच वाचते. मी याचा सगळा दोष गाडीवर घालत नाही. थोडा घालतो.

गाडी सात आठवडे वर्कशॉपात. पार्ट येतोय, पार्ट आलाय, पार्ट चुकीचा आलाय. वॉरंटी संपून चार महिने झालेले. कॉम्प्रेसर बदलला, बिल २ लाख १० हजार. मी धाकट्याबरोबर आणायला गेलो. काचेची खोली, कॉफी, सोफा. मेकॅनिकला भेटायचं म्हटलं तर चालत नाही, सल्लागाराशीच बोलायचं. तो कोट घातलेला पोरगा, हातात टॅबलेट. मी विचारलं, "कॉम्प्रेसर का मेला?" तो म्हणाला, "फॉल्ट कोड आला होता सर." मी म्हटलं, "ताप आला हे कळलं, कशानं आला?" तो हसला. जाताना म्हणाला, पुढच्या डिस्का पण बदलाव्या लागतील, १ लाख ६० हजार. मी म्हटलं जुनी माप दाखवा. मग मीच खिशातला मायक्रोमीटर काढला. नवी ३६, डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते ती ३४, आणि आमची भरली ३५.१. अजून निम्मं आयुष्य शिल्लक. सल्लागार म्हणाला, "आमची तशी रेकमेंडेशन असते सर."

गेटवर एक मेकॅनिक पोरगा सिगरेट ओढत उभा होता, आपल्याकडचाच, मराठी ऐकून जवळ आला. हळूच म्हणाला, "काका, एका गाडीला इतकेच तास म्हणून ठरवून दिलेत. शोधत बसलो तर पगार कापतात. स्कॅनर सांगतोय ते बदलायचं." त्याच्यावर माझा राग नाही. हाताला काम येत होतं त्याच्या, बोलण्यावरनं कळतं.

ऑक्टोबरमध्ये परत गाडी सकाळी बसलेली. त्या दिवशी धाकटा गाडी घरी न नेता सरळ कारखान्यात घेऊन आला. म्हणाला, "अण्णा, बघ बाबा तूच." मी बादलीत भांड्याचा साबण कालवला, ब्रश घेतला. गाडी उचलली, चाक काढलं, पिशवीला साबण लावला. रबर जिथं दुमडून पिस्टनवर बसतं त्या घडीत लाल मातीची किनार बसली होती. तिथं दहा मिनिटांत बुडबुडे आले. बारीक, एकामागून एक, साबुदाण्यासारखे. रबर घडीवर चिरलं होतं. गोष्ट साधी. पिशवी रात्रभर हळूहळू गळते, कॉम्प्रेसर ती परत परत भरतो, तापतो आणि मरतो. मेला तो थकून मेला. मारणारा शेजारीच बसलेला, आणि त्यांनी मेलेल्याला बदललं आणि मारणाऱ्याला तसाच ठेवला. अजून दोन महिन्यांत दुसरा कॉम्प्रेसरही गेला असता.

पिशवीसाठी वर्कशॉपचा भाव १ लाख ४० हजार. धाकट्यानं शोधून काढलं की ही पिशवी गाडीवाले बनवतच नाहीत, दुसरा कारखाना बनवतो आणि तोच स्वतःच्या खोक्यात घालूनही विकतो. ती मिळाली ५२ हजारांत. आम्ही दोघांनी कारखान्यात बसवली, संध्याकाळी सहाला सुरुवात, साडेदहाला संपलं. बऱ्याच वर्षांनी त्याचे हात काळे झालेले बघितले.

आणि मग मला ते फेब्रुवारीचं आठवलं. मी म्हटलं तो कागद कुठाय? जॉब कार्ड. भावजयीनं फाइलमधनं काढलं. तारीख वॉरंटीतली, आणि स्वच्छ लिहिलेलं की मागनं उजवी बाजू रात्री खाली बसते, गिऱ्हाइकाची तक्रार. त्याखाली, दोष आढळला नाही. मी बुडबुड्यांचे फोटो, चिरलेली पिशवी आणि त्या कागदाची नक्कल जोडून कंपनीच्या वरच्या कार्यालयाला पत्र घातलं. मराठीत लिहून मुलीकडनं इंग्रजी करून घेतलं. तीन पत्रं झाली. शेवटी सदिच्छा म्हणून, हाच शब्द वापरला त्यांनी, कॉम्प्रेसरचे पैसे परत दिले, मजुरी नाही. १ लाख ५५ हजार आले. म्हणून सांगतो, गाडी दहा लाखांची असो का दीड कोटीची, तोंडी तक्रार करू नका. कार्डवर लिहून घ्या, नक्कल घ्या, जपून ठेवा.

आता माझ्या मशीनचं ऐका, म्हणजे तुलना होईल. एचएमसी आल्यापासून दोनदा अडकलं. एकदा स्पिंडलला आवाज. फोन केला, त्या रात्रीच्या बसनं इंजिनिअर पुण्याहून निघाला, सकाळी सातला दारात, हातात पिशवी. स्पिंडल उघडलं, बेअरिंग माझ्या हातात ठेवलं, कुठं खाल्लंय ते दाखवलं, का खाल्लंय ते सांगितलं. चूक आमचीच होती, हवेच्या लायनीत पाणी. असं का होतं? कारण मशीन बंद म्हणजे तासाचे दोन हजार बुडतात हे विकणाऱ्याला माहीत आहे, आणि आम्ही बोंब मारली तर उद्यमबागेत त्याचं दुसरं मशीन विकलं जात नाही. गाडी बंद पडली तर गिऱ्हाइकाकडं दुसरी गाडी असणारच, असं ते गृहीत धरतात. आणि खोटं नाही, बहुतेकांकडं असते. म्हणून त्यांची सर्व्हिस म्हणजे कॉफी.

तर उत्तर काय? बनावटीचे पैसे वसूल आहेत, बंदरातल्या किमतीच्या हिशोबानं तर दुप्पट वसूल. सर्व्हिसचे नाहीत. वर्षाचा साधा खर्च ७० हजार, टायरचा सेट २ लाखांच्या वर, गावात पेट्रोल सहाला एक लिटर. हे परवडतं का हा प्रश्न मी त्याला आता विचारत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सेस गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी झाला, नव्या गाड्या थोड्या उतरल्या, तशा जुन्यांच्या किमती अजून घसरल्या. परवा एकानं या गाडीला ४२ लाख लावले. धाकट्यानं चहा पाजून परत पाठवला.

माझं मत विचाराल तर मी घेणार नाही. हवेच्या पिशव्या नसलेली, लोखंडी स्प्रिंगची, ज्याचं वर्कशॉप गावात आहे अशी गाडी घेईन, आणि उरलेल्या पैशाचं अजून एक मशीन. धाकटा म्हणतो, "तुझ्या मशीनच्या पुढच्या सीटवर कोण बसतंय?" त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

आईला मात्र आता गोव्याला माझ्या जुन्या डिझेल गाडीतनंच नेतो. ती सारखं विचारते, टेम्पोवाला भेटेल काय म्हणून.

हैदराबाद, इंदूर, बडोदा, ग्वाल्हेरच्या मंडळींपैकी कुणाकडं हवेच्या सस्पेन्शनची गाडी असेल तर सांगा, पावसाळ्यानंतर पिशव्यांच्या घडीतली माती तुम्ही काय लावून काढता? आम्ही सध्या दर महिन्याला पहिल्या रविवारी नुसतं पाणी मारून मऊ ब्रशनं काढतो, दोघं मिळून.